स्वतःच्या वाढीबद्दल आणि मरणाबद्दल वहीत लिहून ठेवणं – कोण कोण करतं?

कृष्णाकाठ

बरेच दिवस हा विषय इथे काढायचा होता. मी दरवर्षी वाढदिवसाला, म्हणजे तिथीने येतो त्या वाढदिवसाला, एका वहीत लिहिते. रोजनिशी नाही, वर्षातून एकदाच, पण बसले की निवांत दोन-तीन तास बसते. प्रश्न दरवर्षी तेच. या वर्षात नव्याने काय जमायला लागलं. काय जमेनासं झालं. कोण गेलं आणि त्या माणसाबरोबर माझं काय काय गेलं. आणि चौथा, उद्या मी नसले तर काय अर्धवट राहील आणि ते कोणाला माहितीये.

चाळिशीत सुरू केलं होतं, आता साठी जवळ आलीये. मागची पानं वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते. चाळिशीत मी "वाढ" म्हणून जे लिहिलंय ते सगळं बाहेरचं आहे, प्रमोशन झालं, घराचा हप्ता संपला, लेकीला दहावीला अमुक टक्के पडले. पन्नाशीनंतरच्या पानांवर हे कमी कमी होत गेलंय आणि दुसरंच काहीतरी आलंय. एका वर्षी लिहिलंय, "सासूबाईंना अंघोळ घालायला शिकले, त्यांना लाज वाटू न देता." दुसऱ्या एका वर्षी, "धाकट्या जावेने बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं, आणि रात्री झोपही लागली." जमेनासं झालं त्या बाजूला सुईत दोरा ओवणं, अजिंक्यतारा एका दमात चढणं, माणसांची नावं पटकन आठवणं असं सगळं आहे आणि ती यादी वाढतच चाललीये, ते कबूल. पण पहिली यादी थांबलेली नाही हे महत्त्वाचं. तिची जातकुळी बदललीये एवढंच. हे मला नुसता विचार करून कधीच कळलं नसतं, लिहिलेलं होतं म्हणून दिसलं.

चौथ्या प्रश्नाशी मात्र पेन अडतं. सासूबाई गेल्या तेव्हा शेवटचे काही आठवडे आयसीयूत होत्या, नळ्या, मशीन, सगळं. चार मुलं, चार मतं. त्यांनी सगळं सांगून ठेवलं होतं हो, पाटल्या कोणाला, कोणतं लुगडं नेसवायचं, देवघरातला लंगडा बाळकृष्ण कोणी न्यायचा. फक्त मशीनवर किती दिवस ठेवायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. दिरांमध्ये त्यावरून जो अबोला आलाय तो अजून आहे.

मला मनापासून वाटतं की वाढ आणि मरण एकाच वहीत लिहायला हवं. मरणाची वेगळी फाईल केली की ती कपाटात जाते आणि नुसती वाढीचीच वही ठेवली तर आपण अमरपट्टा घेऊन आल्यासारखं लिहीत राहतो. तुम्ही कोणी लिहिता का? कसं लिहिता? आणि घरच्यांना दाखवता का?

माणदेशी

ताई राग मानू नका पण मला हे वाचतानाच कसंतरी झालं. आमच्याकडे असं काही बोललं की म्हातारी माणसं लगेच गप्प करायची, शुभ बोल रे नाऱ्या, वास्तू तथास्तु म्हणत असते म्हणून. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे, तब्येतीने खुटखुटीत आहे, पहाटे उठून अजून अंगण झाडते. तिच्यापुढे मी हा विषय काढला तर तिला वाटेल पोरगं आपल्या जाण्याची वाट बघतंय. ही भीती खोटी नाही. गावाकडं माणसं शब्द मनाला लावून घेतात आणि मग तो शब्द काढता येत नाही. वाढीबद्दल लिहावं, चांगलंच आहे, मरणाचं देवावर सोडावं असं माझं मत.

पंचवटीकर

माणदेशीदादा, तुमची भीती समजू शकतो, पण मरणाबद्दल लिहायचंच नाही असं आपल्याकडे कधी होतं असं मला नाही वाटत. उलट एवढं लिहिणारा समाज आपला.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये, म्हणजे तीर्थावरचे गुरुजी, असतील त्यांच्याकडे एकदा जाऊन बघा. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, गुरुजी आतून कापडात बांधलेली नामावळी काढतात. लांबट वह्या असतात. त्यात तुमच्या घरातलं कोण कधी आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं, त्याला मुलं किती, नावं काय, सगळं. मी वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो तेव्हा पणजोबांची मोडीतली नोंद आणि खाली सही पाहिली. ते त्यांच्या आईसाठी आले होते. त्यानंतर आजोबा पणजोबांसाठी आलेले, आणि त्यांच्या नोंदीत माझ्या वडिलांचं नाव "चिरंजीव" म्हणून, वय लिहिलेलं नाही पण तेव्हा ते कडेवर असणार. मग गुरुजींनी माझ्यापुढे वही ठेवली आणि म्हणाले आता तुम्ही लिहा, मुलांची नावं पण घाला.

म्हणजे बघा, कोणीतरी गेलं म्हणून वही उघडते आणि तिथेच नव्याने आलेल्यांची नावं चढतात. कृष्णाकाठताई जे म्हणतायत ते हेच की. फरक एवढाच की नामावळीत माणूस दुसऱ्यासाठी लिहितो, ताई स्वतःसाठी लिहितात.

आणि सहस्रचंद्रदर्शन आपण करतोच ना, ऐंशी पूर्ण होऊन काही महिने झाले की. हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणजे पुढच्या मोजक्याच हे त्यात आलंच, तरी आपण त्याला औक्षण करतो, पेढे वाटतो.

किल्लारीचा नातू

मी इथला वयाने सगळ्यात लहान असेन, सव्वीस. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, सदाशिव पेठेत. आमच्या अभ्यासिकेत वाढ म्हणजे एकच, पूर्व निघाली का, मुख्य निघाली का, कट ऑफला किती कमी पडले. वर्षाच्या शेवटी निकाल नसेल तर त्या वर्षात माणूस वाढलाच नाही असा हिशेब. त्यामुळे ताईंचा पहिला प्रश्न, नव्याने काय जमायला लागलं, तो मी आत्ता वहीत लिहून घेतला. काल रात्री उत्तर लिहायला बसलो तर पान भरलं आणि त्यात परीक्षेचं काहीच नव्हतं.

पण मला वेगळं सांगायचंय. माझी आजी किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून दमून माणसं झोपलेली. दगडमातीची घरं, जाड भिंती, वर मातीचं धाबं, ते सगळं अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून हजारो माणसं गेली. आमच्या घरातली सहा. आजी वाचली. आजीला लिहिता वाचता येत नाही. पण दरवर्षी गणपती बुडवला की त्या रात्री ती झोपत नाही, बसून सांगते. जुन्या गावात आपलं घर कुठं होतं, शेजारी कोण, गेलेल्यांतला कोण काय खायचा, कोणाला कशाची भीती वाटायची, माझी आत्या सात वर्षांची होती ती जाताना काय गाणं म्हणायला शिकत होती. नवीन गाव नंतर दुसरीकडं वसलं, रस्ते सरळ, घरं सारखी, पण आजी पत्ता सांगताना अजून जुन्या गावाचा सांगते.

मी दोन-तीन वर्षांपासून ते लिहून घेतोय. आधी मोबाईलवर रेकॉर्ड करायचो पण फोन समोर धरला की ती अवघडते, म्हणून वही. आणि मला लिहिताना कळलं की आजी दरवर्षी तेच सांगत नाही. पहिल्या वर्षी नुसतं कोण कसं गेलं ते होतं. मागच्या वर्षी म्हणाली, मला बी वाटायचं मी का ऱ्हायले, आता वाटतंय कुणीतरी सांगायला ऱ्हावं लागतं. म्हणजे पंचाहत्तरीतली बाई अजून वाढतेय आणि ती ज्याच्याबद्दल बोलतेय ते मरण आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या पोरांनी लिहावं, एवढंच.

कृष्णाकाठ

बाळा, आजीला माझा नमस्कार सांग. तिची परवानगी असेल तर आत्याचं गाणं लिहून ठेव, चाल आठवत असेल तर तीही कोणाकडून तरी धरून ठेव.

कारवीचा डोंगर

मी वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. या धाग्यावर मला कारवी आठवली म्हणून लिहितो.

सह्याद्रीत कारवी सगळ्यांनी पाहिलेली असते, उतारावर दाट झुडपं, ट्रेकला जाताना हाताने बाजूला करत जावी लागतात. कुडाच्या भिंतींना तिचेच फोक लागतात. ती सात-आठ वर्षं नुसती वाढते. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात काटक्या. मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो, सगळ्या झुडपांना एकाच वर्षी फुलं. मधमाश्यांची झुंबड उडते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ साली आणि मग २०१६ साली असा बहर मी पाहिला. बी धरलं की झुडूप वाळतं, मरतं. पण बोंडं उघडत नाहीत. पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस पडून ती भिजली की मग फुटतात, रानात उभं राहिलं की कडकड आवाज येतो चहूबाजूंनी, आणि बी लांब उडतं. म्हणजे झाड आधीच गेलेलं असतं आणि त्याचं शेवटचं काम त्यानंतर कितीतरी महिन्यांनी होतं.

विद्यार्थ्यांना हे दाखवताना मी नेहमी सांगायचो की माणसाचं असं नसतं, उगाच ओढून ताणून लावू नका. कारवीला एकदाच फुलायचं असतं आणि केव्हा ते तिच्या आत ठरलेलं असतं. आपली हाडं विशीच्या आसपास लांबायची थांबतात, पण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी संपतात आणि मज्जेत सतत नव्या तयार होत असतात, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. शरीराच्या आत वाढ आणि मरण रोज शेजारी शेजारी चालूच आहे, आपण बघायला जात नाही. ताईंच्या दोन याद्या, जमायला लागलेलं आणि जमेनासं झालेलं, या मला त्यामुळे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर वाटतात.

पण ते बोंडांचं मात्र माणसाला लागू पडतं असं मला मनापासून वाटतं. आपण गेल्यावर उघडेल असं काहीतरी आधी भरून ठेवावं लागतं.

रातपाळी

ताई, आयसीयूचा भाग वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी नर्स आहे, बरीच वर्षं आयसीयू केलं, आता पॅलिएटिव्ह केअरमध्ये आहे, म्हणजे आजार बरा होणार नाही पण माणसाचा त्रास कमी करायचा ते काम. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातली अशी पहिली संस्था. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. तरी अजून लोकांना वाटतं तिथे नेलं म्हणजे सोडून दिलं. तसं नसतं हो.

तुम्ही सांगितलं तसं दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय. रात्री दोन वाजता डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, आणि बाहेर उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघतात. त्यातला कोणीच वाईट नसतो. मोठा मुलगा म्हणतो सगळं करा कारण त्याला वाटतं नाही म्हटलं तर मीच मारलं असं होईल. लेक म्हणते आईला त्रास नको. दोघंही रडत असतात आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त आईला काय हवं होतं ते कोणालाच माहीत नसतं.

अरुणा शानबाग तुम्हाला सगळ्यांना माहिती असतील. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि मग १८ मे २०१५ ला जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, त्या तिथेच शुद्ध हरपलेल्या अवस्थेत होत्या आणि केईएमच्या नर्सेसनी पिढ्यानपिढ्या त्यांना सांभाळलं. आमच्या पेशातल्या प्रत्येकीला त्याचा अभिमान आहे. सुप्रीम कोर्टात २०११ साली निकाल लागला तेव्हा प्रश्न हाच होता की त्यांच्या वतीने बोलायचं कोणी. कोर्टाने सांभाळणाऱ्या नर्सेसचं ऐकलं, त्यांना जगू द्यायचं ठरलं. पण अरुणाताईंचं स्वतःचं म्हणणं काय असतं ते कोणाकडेच नव्हतं, पंचविशीतली मुलगी, ती कशाला असं काही लिहून ठेवेल. त्याच निकालात पहिल्यांदा काही अटींवर उपचार थांबवायची वाट उघडली आणि ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवू शकतो. लिव्हिंग विल म्हणतात ते हेच.

आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, ते कोणाच्याने होत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात लिहायची, एकापेक्षा जास्त लिहिता येतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. आणि हे लिहिलं म्हणजे कोणी लगेच मशीन बंद करत नाही, ती भीती काढून टाका. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, नातेवाइकांची संमती लागते. आणि बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेसाठीच हे आहे. साधा अपघात झाला, न्यूमोनिया झाला, तर सगळे उपचार होणारच.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. मशीन नको म्हणजे वेदना सहन करत पडून राहा असं नाही. मॉर्फिन असतं, तोंडातून घ्यायचं असतं, दम लागण्यावर पण चालतं. वहीत लिहिताना "काय नको" एवढंच लिहू नका, "काय हवं" ते लिहा. माझ्याकडे एक आजोबा होते, त्यांनी सांगितलेलं की खिडकीजवळची खाट द्या आणि कोणी पेपर वाचून दाखवा, क्रिकेटचं पान आधी. मुलांना करायला काहीतरी मिळालं. शेवटच्या दिवसांत मुलांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर आपण काही करू शकत नाही याचा.

म्हादई

गोव्याहून. रातपाळीताईंनी लिहिलंय ते आमच्याकडे प्रत्यक्षात सुरू झालंय. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, गोव्यातलं पहिलं. न्यायाधीश माणसाने स्वतः पुढे येऊन केलं म्हटल्यावर आमच्या वाड्यावर लोक उघड बोलायला लागले, त्याआधी कोणी विषय काढत नव्हतं. माझ्या शेजारच्या ख्रिस्ती घरातली आजी म्हणाली, आम्ही दर २ नोव्हेंबरला सिमितेरीत (दफनभूमीत) जाऊन फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो, मग आपल्याबद्दल बोलायला भ्यायचं कशाला.

दूरदेशी

न्यू जर्सीत आहे, आई-बाबा सांगलीला. हा धागा दोनदा वाचला.

इथे पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला ॲडमिट झालो तेव्हा फॉर्म भरून घेणाऱ्या बाईने ॲलर्जी आहे का विचारतात त्याच सुरात विचारलं की तुमचं ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह आहे का, तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार. इथे १९९० च्या कायद्याने हॉस्पिटलला हे विचारावंच लागतं. बायकोचं नाव दिलं आणि घरी येऊन आम्ही दोघं पहिल्यांदा त्यावर बोललो. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती.

पण आई-बाबांना कसं विचारू? फोनवर? दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, त्यात औषधं घेतली का, पाऊस आहे का, कृष्णेचं पाणी किती चढलं, एवढंच. बाबा बोलतात आणि मध्येच म्हणतात खर्च होईल, ठेव आता, अजून त्यांना फोनचे पैसे पडतात असंच वाटतं. मला माहितीये की एक दिवस फोन येणार आणि मी विमानतळावर असणार आणि सांगलीत कोणीतरी माझ्या वतीने हो किंवा नाही म्हणणार. हा विचार मी रोज मागे सारतो. रात्री तीनला जाग येते तेव्हा तो समोर असतो. कोणी केलंय का असं लांबून?

कृष्णाकाठ

दूरदेशी, माझं सांगते. मी लेकीला कधीच विचारलं नाही की तुला काय वाटतं. मी माझं पान तिला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, थोडी रडली, आणि आठवड्याने स्वतःहून म्हणाली की आई मी पण लिहिलं. मोठ्यांना विचारण्यापेक्षा आपलं आधी सांगणं सोपं पडतं. तुम्ही इथलं जे लिहिलंत, ऑपरेशनच्या वेळी बाईने काय विचारलं ते, तेच बाबांना सांगा ना. "बाबा, मला असं विचारलं, मी हिचं नाव दिलं." पुढे काही बोलू नका. बाबा काय म्हणतात बघा.

सावली

मी सहसा इथे लिहीत नाही, वाचून जाते.

माझा नवरा एप्रिल २०२१ मध्ये गेला. बेड, ऑक्सिजन, ते सगळं तुम्हाला माहिती आहे, त्यावर लिहीत नाही. मला भेटताही आलं नाही. घरी आल्यावर त्याची घरखर्चाची वही होती तेवढीच. गॅस, दूध, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं तारखेवार. मागच्या पानांवर मुलांची उंची. दर दसऱ्याला दोघांना दारापाशी उभं करायचा आणि वहीत लिहायचा, इतकी वर्षं एक दसरा चुकवलेला नाही. स्वतःबद्दल एक ओळ नाही. मी वही उलटीसुलटी करून बघितली, कव्हरच्या आतसुद्धा बघितलं.

म्हणून ज्यांना वाटतं की आपण काय लिहायचं, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे, त्यांना सांगते, लिहा. मोठं नको. या वर्षी मला कशाचा आनंद झाला एवढं एक वाक्य मला मिळालं असतं तर मी ते रोज वाचलं असतं. मी ती उंचीची पानं पुढे चालू ठेवलीयेत. मोठा आता त्याच्या बाबापेक्षा उंच झालाय. त्या शेजारी मी माझं लिहायला लागलेय, यंदा चारचाकी शिकले, यंदा बँकेत जाऊन एकटीने भांडले आणि काम करून घेतलं. ताईंचे दोन प्रश्न मी नकळत लिहीत होते, चौथा आता लिहीन. विम्याचे कागद शोधायला मला चार महिने लागले होते, मुलांना तसं नको व्हायला.

वकीलबाई

सावली, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

चौथ्या प्रश्नासाठी कामाचं थोडं सांगते. रातपाळींनी सांगितलेलं पत्र आपण जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना, वापरायचं. मृत्युपत्र आपण गेल्यानंतर. दोन्ही वेगळे कागद करा, एकात एक घालू नका. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही (पण केलेलं बरं). करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, आणि साक्षीदारांपुढे सही झालेली हवी. वाटणीत ज्याचं नाव आहे त्याला साक्षीदार करू नका, पुढे वाद होतात.

नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज घराघरात आहे. नॉमिनीकडे पैसे येतात ते सहसा वारसांना देण्यासाठी, शेअर्सच्या बाबतीत तर सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून घरच्यांना आधी माहिती हवी, वहीत लिहून कपाटात ठेवलं तर वही सापडेपर्यंत वेळ गेलेली असते. देहदानाचंही तसंच, फॉर्म तुम्ही भरला तरी शेवटी कॉलेजला फोन घरचेच करणार.

तुमची वही हा कायदेशीर कागद नाही, पण मी कोर्टात इतकी भावंडं भांडताना पाहिलीयेत की सांगते, बापाने असं का केलं याचं कारण कुठेतरी लिहिलेलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. मृत्युपत्रात कारणं कोणी लिहीत नाही. ती वहीत लिहा.

माणदेशी

पंचवटीकर आणि वकीलबाई, तुम्हा सगळ्यांचं वाचून चार दिवस डोक्यात घोळत होतं. मग रविवारी गावी गेलो. आई शेंगा फोडत बसलेली, मी पण बसलो. मी ताईंनी सांगितलं तसं केलं, माझंच सांगितलं, की आई मला काही झालं तर मला मशीनवर फार दिवस ठेवू नये असं मी लिहून ठेवणारे. मला वाटलं ती ओरडेल. ती शेंगा फोडत राहिली आणि म्हणाली, बरं केलंस काढलंस, मी कवाधरनं वाट बघतीय कुणीतरी इचारंल म्हणून. मग तिने सगळं सांगितलं. मला दवाखान्यात मिरजेला पुण्याला न्यायचं न्हाई, हितंच ओसरीवर ठेवा. दुखलं तर औषध द्या, पण नळ्या नकोत. रक्षा नदीत टाकू नका, विहिरीवरच्या शेतात खड्डा काढून त्यात टाका आणि वर आंबा लावा, केशर लावू नका, आपला गावठी लावा. आणि थोरल्या भावाशी बोल, मी असतानाच बोल.

भावाशी मी बरीच वर्षं बोलत नाही, बांधावरून. परवा फोन केला.

तर आता दोन शंका आहेत. आईला सही येत नाही, अंगठा देते, तो चालेल का? आणि वतीने बोलणारा म्हणून कोणाचं नाव घालायचं, मी पुण्यात असतो, भाऊ गावात आहे.

वकीलबाई

अंगठा चालतो. लिहिलेलं सगळं साक्षीदारांपुढे आईंना मोठ्याने वाचून दाखवा, त्यांच्याच बोलीत, आणि वाचून दाखवलं, समजलं, मान्य आहे असं खाली लिहून मग अंगठा घ्या. लिहिणाऱ्याचं नाव आणि सही पण घ्या. साक्षीदार घरातले नकोत, शाळेतले गुरुजी, ग्रामपंचायतीतलं कोणी, असे बघा. नोटरी तालुक्याला मिळेल, म्हाताऱ्या माणसासाठी काही जण घरीही येतात, आधी विचारून घ्या.

रातपाळी

माणदेशीदादा, दोघांची नावं घाला. भावाचं पहिलं कारण तो जवळ आहे, रात्री दोनला तोच उभा असणार. तुमचं दुसरं. पण घालायच्या आधी दोघांनी एकत्र आईजवळ बसून तिच्या तोंडून परत एकदा ऐका, म्हणजे वेळ आली तर एकाने एक ऐकलं आणि दुसऱ्याने दुसरंच असं होणार नाही. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्हसाठी घरी येणारं पथक आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. ओसरीवर ठेवायचं तर दुखण्यावरचं औषध द्यायला कोणीतरी येणारं हवं, ते आधी ठरलं तरच आईंची इच्छा पुरी करता येते.

दूरदेशी

बाबांना रविवारी सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले फोन चालू ठेव, वही आणतो.